स्पॅनिशभाषक जगातील धर्म, बंडखोरी आणि समाजबदल: अभ्यास कसा करावा

स्पेन आणि लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाकडे वळणारा नवा वाचक बहुधा एक तयार चौकट हाती घेऊनच येतो: एका बाजूला सत्तेची पाठराखण करणारे चर्च आणि दुसऱ्या बाजूला त्याविरुद्ध उठलेली जनता. ही चौकट पहिल्या दोन-चार कागदांतच मोडते. मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धात होसे मारिया मोरेलोस या धर्मगुरूने 1813 साली चिल्पान्सिंगो येथील काँग्रेसपुढे नव्या राष्ट्रासाठी जी कलमे मांडली, त्यांत गुलामगिरी आणि जन्मावरून ठरणारे भेद कायमचे बंद करावेत असे म्हटले आहे. आणि त्याच यादीत कॅथलिक धर्माखेरीज अन्य कोणत्याही धर्माला थारा देऊ नये, तसेच 12 डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेचा (मेरीमातेचा) सण देशभर पाळावा, अशीही कलमे आहेत. पुढे दोनच वर्षांत इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मविरोधी मतांचा तपास करणाऱ्या न्यायालयाने, याच मोरेलोसला पाखंडी ठरवले आणि राजसत्तेने त्याला गोळ्या घातल्या. श्रद्धा इकडे आणि बंड तिकडे अशी वाटणी करून हा माणूस समजणार नाही. या जगात शतकानुशतके सत्ता आणि विरोध या दोघांचीही भाषा बव्हंशी एकच होती, त्यामुळे अभ्यासकाचे खरे काम धर्म कोणत्या बाजूला होता हे ठरवण्याचे नाही. धर्मसंस्थेच्या आत कोण, कोणत्या पदावरून, कोणाला उद्देशून आणि कोणत्या संरक्षणाखाली बोलत होते, हे शोधणे म्हणजे तो अभ्यास. पुढील मार्गदर्शन त्या शोधासाठी आहे.

विषय लहान करावा

‘लॅटिन अमेरिकेतील चर्च’ हा अभ्यासविषय होऊ शकत नाही. एक प्रसंग निवडावा, शक्यतो असा की ज्याची तारीख, जागा आणि किमान एक मूळ कागद उपलब्ध आहे. 21 डिसेंबर 1511 रोजी सांतो दोमिंगो येथे आंतोनियो दे मॉन्तेसिनोस या डॉमिनिकन संन्याशाने दिलेले प्रवचन हा सुरुवातीसाठी अतिशय चांगला प्रसंग आहे. वसाहतीतील बडे लोक समोर बसलेले असताना त्याने त्यांना विचारले की, या इंडियन (म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी) लोकांना इतक्या क्रूर गुलामगिरीत ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला आणि ही माणसे नाहीत काय. गव्हर्नर दिएगो कोलोन याने माफीची मागणी केली. पुढच्या रविवारी मॉन्तेसिनोसने तेच अधिक कडक शब्दांत पुन्हा सांगितले.

हा प्रसंग हाती घेतल्यावर लगेच काही प्रश्न विचारावेत. हा एकट्या माणसाचा उद्रेक होता काय? नव्हता. पेद्रो दे कोर्दोबा याच्या नेतृत्वाखालील सर्व डॉमिनिकनांनी ते प्रवचन आधी एकत्र बसून ठरवले होते आणि त्याखाली सह्या केल्या होत्या. त्यांच्या हाती कोणते शस्त्र होते? इंडियनांना राबवून घेणाऱ्यांना पापक्षमा नाकारण्याचे. श्रद्धाळू समाजात हे शस्त्र मोठे असते. मागितले काय आणि मिळाले काय? डिसेंबर 1512 मध्ये बुर्गोसचे कायदे आले, पण त्यांनी वेठीची ‘एन्कोमिएंदा’ पद्धत रद्द केली नाही, तिला नियम घालून दिले. मागणी आणि मिळकत यांतील हे अंतर प्रत्येक प्रसंगात मोजून लिहावे, कारण समाजबदलाचा इतिहास बहुतेक वेळा त्या अंतरातच सापडतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे आपल्याला कोणाकडून कळले? प्रवचनाची मूळ संहिता शिल्लक नाही. आपण जे वाचतो ते बार्तोलोमे दे लास कासास याने नंतर लिहिलेल्या इतिहासातून आलेले आहे. लास कासास स्वतः एके काळी एन्कोमिएंदाचा धनी होता. 1514 साली त्याने ती सोडली आणि उर्वरित आयुष्य इंडियनांच्या बाजूने भांडण्यात घालवले. 1542 च्या नव्या कायद्यांमागे त्याचा मोठा हात होता, आणि 1550–51 मध्ये वायादोलिद येथे हुआन हिनेस दे सेपुल्वेदा याच्याशी, इंडियनांवरील युद्ध न्याय्य आहे काय यावर, त्याचा प्रसिद्ध वाद झाला. त्यामुळे प्रवचनाचे शब्द वाचताना त्या शब्दांवर एका पक्षकाराचा हात फिरला आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याने प्रवचन खोटे ठरत नाही. पण मॉन्तेसिनोसचे अवतरण म्हणून ते देताना लास कासासचे नाव सोबत असलेच पाहिजे. याच लास कासासने सुरुवातीच्या काळात इंडियनांऐवजी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती आणि नंतर तिचा पश्चात्ताप लिहून ठेवला, हेही वगळू नये.

इन्क्विझिशनची फाइल कशी वाचावी

स्पॅनिश इन्क्विझिशनला पोपची मान्यता 1478 मध्ये मिळाली आणि ती कायमची बंद झाली 1834 मध्ये. लिमा येथे 1570, मेक्सिको शहरात 1571 आणि कार्ताहेना येथे 1610 मध्ये तिची न्यायालये स्थापन झाली. तिचे कागद आज मुख्यतः माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि स्पेनच्या सरकारी अभिलेखांचे ‘पारेस’ हे संकेतस्थळ विनामूल्य वापरता येते. सामान्य माणसे धर्माविषयी काय बोलत होती याचा इतका तपशील अन्यत्र क्वचितच मिळतो. मात्र ही फाइल वाचण्याची एक शिस्त आहे आणि ती न पाळता काढलेले निष्कर्ष हमखास चुकतात.

प्रथम फाइलचा क्रम ओळखावा. आधी साक्षीदारांचे जबाब येतात, नंतर अटक आणि मालमत्तेची जप्ती. पहिल्या सुनावणीत आरोपीची वंशावळ विचारली जाते, त्याच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या जातात आणि त्याला स्वतःचा जीवनवृत्तांत सांगायला लावतात. त्यानंतर तुला का पकडले असावे असे तुला वाटते, असा प्रश्न येतो. आरोप त्याला सांगितलेला नसतो. तीन वेळा मनातले सर्व बोलून टाकण्याची ताकीद दिल्यावरच आरोपपत्र वाचले जाते, आणि साक्षीदारांचे म्हणणे त्याला ऐकवतात तेव्हा त्यांची नावे गाळलेली असतात. आपले शत्रू कोण हे आरोपीने अंदाजाने सांगायचे. त्याने घेतलेले नाव साक्षीदाराच्या नावाशी जुळले, तर त्या साक्षीचे वजन कमी होऊ शके.

हा क्रम समजला की आरोपी एवढे का बोलतो ते कळते. आरोप ठाऊक नसलेला माणूस आयुष्यातील प्रत्येक संशयास्पद वाक्य आठवून सांगू लागतो. म्हणून उत्तर वाचण्याआधी प्रश्न वाचावा, आणि प्रश्न नोंदलेला नसेल तर उत्तरावरून तो ताडावा. लेखनिक तृतीय पुरुषात लिहितो, म्हणजे आवाज आरोपीचा असला तरी वाक्यरचना न्यायालयाची असते. छळाच्या वेळच्या नोंदींत लेखनिकाने किंकाळ्याही उतरवलेल्या आढळतात. त्या पानांवरील कबुलीला पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर ती छळाखालची आहे आणि नंतर आरोपीकडून तिची पुष्टी करून घेतलेली आहे, हे दोन्ही त्याच वाक्यात लिहावे.

आरोपीचा स्वतःचा हात फाइलमध्ये कोठे दिसतो का, हे आवर्जून पाहावे. मेक्सिकोतील लुईस दे कार्वाहाल या तरुणावर, नुएवो लेओनच्या गव्हर्नरच्या भाच्यावर, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा खटला चालला आणि 1596 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. त्याने ‘होसे लुंब्रोसो’ असे नाव घेऊन आत्मवृत्त लिहिले होते. कैदेत असताना त्याने बहिणींना धीर देण्यासाठी अॅव्होकाडोच्या बीवर अक्षरे कोरून ती फळात लपवून पाठवली. पहारेकऱ्याने ती न्यायालयाच्या हवाली केली. न्यायालयाने त्याला थांबवले नाही, उलट कागद आणि शाई मिळेल अशी तजवीज केली, आणि त्याने लिहिलेली पत्रे एकामागून एक फाइलला जोडली गेली. म्हणजे त्याच्या अंतःकरणाचे जे सर्वांत खरे कागद आपल्यापर्यंत आले, ते एका सापळ्यातून आले. बहिणींवरचे त्याचे प्रेम त्यामुळे उणे होत नाही. पण ही पत्रे कोणी आणि कशासाठी जपली याचा विचार न करता ती वाचणे हा त्याच्यावरच अन्याय ठरेल. त्याच्या आत्मवृत्ताची वही 1932 मध्ये अभिलेखागारातून चोरीला गेली, 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात उघडकीस आली आणि 2017 मध्ये मेक्सिकोला परत मिळाली.

फाइल नसेल तेथे काळजी दुप्पट घ्यावी. तोलेदो येथे 1525 मध्ये निघालेल्या हुकुमात ‘आलुंब्रादो’ (अंतःप्रकाश लाभलेले) म्हणवल्या जाणाऱ्या लोकांची 48 मते निषिद्ध ठरवली आहेत. इसाबेल दे ला क्रूझ ही त्या पंथातील मोठी शिकवणारी स्त्री. पण त्या यादीत कोणते मत कोणाचे हे लिहिलेले नाही, आणि निरनिराळ्या तोंडची, संदर्भातून तोडलेली वाक्ये एकत्र रचली की नसलेला सिद्धांतही दिसू लागतो. दडपणाऱ्याने केलेल्या यादीला बंडखोरांचा जाहीरनामा समजू नये.

पद, नेमणूक आणि छप्पर

आधुनिक काळाकडे येताना प्रत्येक प्रसंगासाठी एक छोटे टिपण करावे: बिशपची नेमणूक कोण करतो, धर्मगुरू कोणत्या संघाचा आहे आणि प्रापंचिक कोठे जमतात. हे तीन मुद्दे कोरडे वाटतात, पण त्यांवर फार काही अवलंबून असते.

1508 पासून स्पेनच्या राजाला वसाहतींतील धर्मपदांसाठी नावे सुचवण्याचा अधिकार होता. हुकूमशहा फ्रँकोच्या काळातही बिशपांच्या नेमणुकीत राज्याचा शब्द चालत असे आणि पोपशी झालेल्या 1953 च्या करारात तो अधिकार कायम राहिला. राजा हुआन कार्लोसने 1976 मध्ये तो सोडला. मात्र साहाय्यक बिशप या अधिकाराच्या कक्षेत येत नसत. म्हणून फ्रँकोच्या अखेरच्या वर्षांत रोमने साहाय्यक बिशप नेमून चर्चचा चेहरा बदलला. ही तांत्रिक बाब ज्याला ठाऊक नाही, त्याला राजवटीचा आधारस्तंभ असलेली धर्मसभा 1971 च्या सुमारास अचानक टीकाकार कशी झाली, याचे उत्तर मिळणार नाही. त्या वर्षी बिशप आणि धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत, यादवी युद्धात आपण समेटाचे खरे सेवक ठरलो नाही याबद्दल क्षमा मागणारा ठराव आला. त्याला बहुमत मिळाले, पण आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत.

दुसरीकडे, त्याच करारामुळे चर्चच्या इमारतीत पोलिसांना मोकळा प्रवेश नव्हता, आणि बंदी घातलेल्या कामगार व विद्यार्थी संघटनांना बैठकीसाठी तेच छप्पर मिळाले. बार्सेलोनातील सार्रिया येथील कापुचिन मठात मार्च 1966 मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली तेव्हा पोलिसांनी मठाला वेढा घातला. 3 मार्च 1976 रोजी व्हितोरिया येथे सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये जमलेल्या संपकऱ्यांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि पाच कामगार मेले. चळवळीचा अभ्यास करताना तिची तत्त्वे वाचण्याआधी ती कोठे भरत होती हे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

चिलीत हेच छप्पर कचेरीचे झाले. लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या दबावामुळे विविध पंथांची संयुक्त मदत समिती 1975 च्या अखेरीस बंद करावी लागली, तेव्हा कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेझ यांनी 1 जानेवारी 1976 पासून सांतियागोच्या धर्मप्रांताचाच विभाग म्हणून ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ (एकजुटीचे कार्यालय) सुरू केली. समिती बंद करता येत होती, धर्मप्रांत बंद करता येत नव्हता. तेथील वकिलांनी बेपत्ता माणसांसाठी हजारो अर्ज न्यायालयात दाखल केले. न्यायालयांनी ते बहुतेक सर्व फेटाळले. तरीही प्रत्येक अर्जासोबत नाव, तारीख, अटकेची जागा आणि साक्षीदार नोंदले गेले, आणि लोकशाही परतल्यावर सत्यशोधन आयोगाला त्या फाइलींचा मोठा आधार मिळाला. अयशस्वी अर्जांकडे अपयश म्हणून पाहू नये. त्यातील तपशील उतरवून घ्यावा.

प्रवचन पूर्ण वाचावे

एल साल्वादोर देशातील सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचे 23 मार्च 1980 चे प्रवचन बहुतेकांना शेवटच्या काही वाक्यांपुरते ठाऊक असते: सैनिकांनो, तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारत आहात, देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळण्यास कोणीही बांधील नाही, दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) अर्पण करत असताना त्यांची हत्या झाली. ही वाक्ये एवढी तेजस्वी आहेत की बाकीचे प्रवचन त्यांच्या प्रकाशात दिसेनासे होते, आणि तेथेच अभ्यासक चुकतो.

संपूर्ण संहिता तासाहून अधिक वेळेची आहे. सुरुवातीचा मोठा भाग उपवासकाळातील पाचव्या रविवारच्या वाचनांवरील चिंतनाचा आहे. मग धर्मप्रांतातील आठवडाभराच्या घडामोडी येतात. आणि त्यानंतर त्या आठवड्यात कोठे कोण मारले गेले, कोणाला उचलून नेले, याची गावांसह आणि तारखांसह यादी येते. ही माहिती धर्मप्रांताच्या कायदेसाहाय्य कार्यालयाकडून आणि गावोगावच्या लोकांकडून येत असे. वृत्तपत्रे जे छापत नव्हती ते रोमेरो व्यासपीठावरून वाचून दाखवत आणि धर्मप्रांताचे ‘वायएसएएक्स’ रेडिओ केंद्र ते देशभर पोहोचवी. फेब्रुवारी 1980 मध्ये त्या केंद्रावर बॉम्बस्फोट झाला, यावरून त्या यादीची किंमत कळावी. आवाहनाची शेवटची वाक्ये या यादीतून आलेली आहेत. त्यांना यादीपासून तोडले की एक उदात्त उद्गार उरतो आणि पुराव्यानिशी केलेला आरोप हरवतो.

येथेही पदांचा प्रश्न विचारावा. रोमेरो यांच्या देशातील बहुतेक बिशप त्यांच्यासोबत नव्हते. 1968 मध्ये मेदेयिन येथे लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी गरिबीला अन्यायाचे फळ म्हटले होते, गुस्ताव्हो गुतिएरेस यांचे मुक्तीच्या धर्मचिंतनावरील पुस्तक 1971 मध्ये आले होते, तरी आर्चबिशपपदी नेमणूक झाली तेव्हा रोमेरो या प्रवाहाकडे साशंकतेने पाहणारे, सनातनी वळणाचे मानले जात होते. 12 मार्च 1977 रोजी त्यांचे मित्र, येशूसंघीय धर्मगुरू रुतिलियो ग्रांदे यांची एका वृद्धासह आणि एका मुलासह हत्या झाली, आणि त्यानंतर त्यांची भूमिका उघड झाली. त्यांना 2018 मध्ये संतपद मिळाले. त्या तारखेवरून मागे पाहत 1980 मधील चर्च त्यांच्या पाठीशी होते, असे लिहू नये.

विरुद्ध बाजूची उदाहरणे शोधून मांडावीत

प्रत्येक निष्कर्षासमोर त्याला न जुमानणारे एक उदाहरण ठेवण्याची सवय लावून घ्यावी. लष्करी राजवटीखालच्या अर्जेंटिनात 1977 च्या डिसेंबरमध्ये बुएनोस आयरेसच्या सांता क्रूझ चर्चमधून बेपत्तांच्या नातेवाइकांना उचलण्यात आले. त्या कारवाईत बेपत्ता मुलांसाठी चौकात जमणाऱ्या प्लाझा दे मायोच्या मातांपैकी काहींसह आलिस दोमोन आणि लेओनी दुके या दोन फ्रेंच धर्मभगिनींचा बळी गेला. त्याच देशात पोलिसांचा धर्मगुरू क्रिस्तियान फॉन वेर्निख याला 2007 मध्ये छळ आणि खुनांतील सहभागाबद्दल जन्मठेप झाली. धर्मभगिनी आणि पोलिसांचा धर्मगुरू एकाच चर्चचे होते. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या प्रदेशात साडेसहा हजारांहून अधिक धर्मगुरू, संन्यासी आणि धर्मभगिनी मारल्या गेल्या, आणि त्याच युद्धात फ्रँकोच्या सैन्याने बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. फ्रँकोची बाजू घेणाऱ्या, 1937 च्या बिशपांच्या सामूहिक पत्रावर कार्डिनल विदाल इ बाराकेर यांनी सही केली नाही. मेक्सिकोत 1926 ते 1929 या काळात क्रिस्तेरो, म्हणजे चर्चवरील निर्बंधांविरुद्ध उठलेले शेतकरी लढले ते क्रांतीतून आलेल्या सरकारविरुद्ध, आणि 1929 चा समझोता बिशपांनी केला तेव्हा त्या लढवय्यांना कोणी विचारले नाही.

कॅथलिक चर्चपुरतेच लक्ष मर्यादित ठेवणेही आता परवडणारे नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या 2014 च्या पाहणीत लॅटिन अमेरिकेतील 69 टक्के प्रौढांनी स्वतःला कॅथलिक म्हटले, तर 84 टक्के कॅथलिक म्हणून वाढलेले होते. प्रोटेस्टंटांचे प्रमाण 19 टक्के होते. मेक्सिकोच्या चियापासमधील चामुला येथून 1970 च्या दशकापासून इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतील एक प्रवाह) झालेल्या हजारो इंडियनांना गावाबाहेर काढले गेले, म्हणजे तेथे मतभेदाची किंमत घरदार गमावून द्यावी लागली. ग्वातेमालात मात्र 1982–83 मध्ये इव्हँजेलिकल असलेला एफ्राइन रिओस मोंत सत्तेवर होता आणि माया गावांवरील अत्याचारांचा तो अतिशय भीषण काळ होता. अर्जेंटिनात गर्भपाताच्या कायद्यासाठी हिरवे रुमाल बांधून उतरलेल्या स्त्रियांत कॅथलिक स्त्रियांची संघटनाही होती. सिनेटने तो कायदा 2018 मध्ये फेटाळला आणि 30 डिसेंबर 2020 रोजी मंजूर केला.

चालू घटनांवर काम करताना

निकाराग्वात 2018 मध्ये बिशपांनी सरकार आणि आंदोलक यांच्यात मध्यस्थी केली. बिशप रोलांदो आल्वारेझ यांना फेब्रुवारी 2023 मध्ये 26 वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्ट 2023 मध्ये मानाग्वाचे येशूसंघीय विद्यापीठ जप्त झाले आणि जानेवारी 2024 मध्ये आल्वारेझ यांना रोमला पाठवून दिले गेले. अशा देशात आज उघडे असलेले धर्मप्रांताचे पान किंवा रेडिओचे ध्वनिमुद्रण उद्या मिळेलच असे नाही. म्हणून प्रवचन, बिशपांचे निवेदन किंवा सरकारी हुकूम दिसताच त्याची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी, तीवर तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचे त्या दिवशीचे पद लिहावे, आणि ज्या माणसाने माहिती दिली तो अजून त्या देशातच असेल तर त्याचे नाव आपल्या टिपणांतही लिहू नये.